भंगारातला बैल आणि त्याची शेपटी

मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरवरून जाताना रस्त्याकडेची गॅरेजे पाहा. त्यांच्या मागे ट्रकच्या कमानीचे पाटे, झिजलेली बेअरिंगे, चेन, प्लग, नटबोल्ट यांचा ढीग पडलेला असतो. ढिगाकडे थोडा वेळ पाहत राहिले की त्यात प्राणी दिसू लागतात. वाकलेला पाटा म्हणजे बैलाची पाठ, दोन बेअरिंगे म्हणजे घुबडाचे डोळे. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल या दोनच वस्तूंतून बैलाचे डोके केले. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवणाऱ्या आपल्या मुलांना ते ओळखायला क्षणही लागणार नाही.

धातूचे प्राणी घडवणे महाराष्ट्राला नवे नाही. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबाद येथे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ सापडला. चौघांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक! पण ते ओतीव आहेत. भंगारातला प्राणी जोडीव असतो, आणि खरी अडचण जोडातच असते.

समजा, शाळेच्या आवारासाठी आपण असा बैल केला. पाट्याची पाठ, तिला वेल्डिंगने जोडलेली सळईची शेपटी. चार दिवसांनी एखादे मूल शेपटीला लोंबकळते आणि शेपटीसकट खाली येते. नीट पाहिले तर वेल्डिंग शाबूत असते. तडा गेलेला असतो त्याच्या शेजारी, पाट्यातच. असे का व्हावे?

आपण सरसकट 'लोखंड' म्हणतो, पण त्यातल्या कार्बनचे प्रमाण फार वेगवेगळे असते. साध्या सळईत ते ०.२ टक्क्यांच्या आसपास, कमानीच्या पाट्यात ०.५ ते ०.६ टक्के, बेअरिंगच्या पोलादात सुमारे १ टक्का आणि बिडात २ ते ४ टक्के. पोलाद लाल तापले की हा कार्बन लोखंडाच्या स्फटिकांत विरघळतो. सावकाश निवताना तो बाहेर पडतो. झटकन निवले तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही; तो अडकतो, स्फटिक ताणले जातात आणि पोलाद कठीण पण ठिसूळ होते. लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा हेच घडते. वेल्डिंगच्या वेळी पाणी नसते, पण भोवतालचा जाड थंड पाटा उष्णता इतक्या झपाट्याने शोषतो की परिणाम तोच होतो. म्हणून असा तुकडा आधी तापवून घ्यावा आणि वेल्डिंगनंतर कोरड्या राखेत पुरून निवू द्यावा. आमचे मत विचाराल तर पाटा व बेअरिंगे नटबोल्टने किंवा तारेने बांधावीत, आणि वेल्डिंग साध्या सळईपुरते ठेवावे.

कोणता तुकडा कशाचा, हे ग्राइंडरच्या ठिणग्या सांगतात. साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब आणि सरळ. कार्बन जास्त असेल तर त्या फुलबाजीसारख्या फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड, लालसर. ही परीक्षा कारागिरानेच चष्मा लावून करावी, मुलांनी दुरून पाहावी.

दोन वस्तू मात्र ढिगातच राहू द्याव्यात. एक, बंद शॉकअॅब्सॉर्बर. तापवला तर तो फुटू शकतो. दुसरी, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंग करणाऱ्याला मग तो मलेरियाच वाटतो.

शेपटी का तुटली, हे वर्गात दाखवायला शिवणकामाच्या तीन सुया पुरतात. शिक्षकांनी चष्मा लावून, चिमट्यात धरून एक सुई स्पिरिटच्या दिव्यावर लाल करावी आणि लगेच पाण्यात बुडवावी. वाकवताच ती कट्‌कन मोडते. दुसरी लाल करून ज्योतीतून हळूहळू वर उचलत निववावी. ती तारेसारखी वाकते आणि वाकलेलीच राहते. तिसरी पहिलीसारखीच पाण्यात बुडवून कठीण करावी, घासून चकचकीत करावी आणि ज्योतीच्या बऱ्याच वर धरून निळा रंग येईपर्यंत पुन्हा बेताने तापवावी. ती वाकून सोडली की परत सरळ होते, थेट कमानीच्या पाट्यासारखी.