मोळी आणि दोरी

म्हाताऱ्या शेतकऱ्याची आणि त्याच्या भांडखोर मुलांची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. सुटी काठी सहज मोडते. पण काठ्यांची मोळी कोणालाच मोडता येत नाही. उर्दूत आपण ज्याला 'इत्तिहाद' म्हणतो, त्यालाच मराठीत 'एकी' असा छोटासा शब्द आहे. पण काठ्यांना बोलता येत नाही, माणसांना येते. मोळी बांधायची वेळ आली, की माणसे विचारतात, "दोरी कोणाच्या हातात राहणार?" हाच प्रश्न सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील लोकांपुढे उभा राहिला होता. त्यांनी तो कसा सोडवला, ते पाहू या.

त्या काळी उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. प्रत्येक वसाहतीचे कायदे वेगळे, विधिमंडळ वेगळे. जवळच्या प्रदेशांवर फ्रान्स आणि स्पेन यांचा ताबा होता. इरोक्वा नावाच्या मूळ रहिवाशांचाही तेथे मोठा संघ होता. त्यांच्या पाच जमाती फार पूर्वी एकत्र आल्या होत्या; पुढे सहावी त्यांना मिळाली. १७४४ मध्ये लँकेस्टर या गावी इरोक्वा आणि तीन वसाहतींचे प्रतिनिधी वाटाघाटींसाठी जमले. तेथे कनासतेगो या इरोक्वा सरदाराने वसाहतींना सल्ला दिला, की तुम्हीही आमच्यासारखे एक व्हा. एकीमुळेच आमचा दरारा आहे.

या सभेचा वृत्तान्त फिलाडेल्फिया शहरातील एका मुद्रकाने छापला. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन. दहा वर्षांनी, १७५४ मध्ये, फ्रेंच सैन्य ओहायो नदीच्या खोऱ्यात शिरले. तेव्हा फ्रँकलिनने आपल्या वर्तमानपत्रात एक चित्र छापले. त्यात एका सापाचे आठ तुकडे दाखवले होते. तुकड्यांजवळ वसाहतींच्या नावांची अक्षरे होती आणि खाली लिहिले होते, 'एक व्हा, नाहीतर मरा.' त्याच वर्षी ऑल्बनी येथे सात वसाहतींचे प्रतिनिधी जमले. सर्वांच्या संरक्षणासाठी एक मंडळ असावे, अशी योजना फ्रँकलिनने मांडली. सभेने ती स्वीकारली. पण वसाहतींच्या विधिमंडळांना ती पसंत पडली नाही. आपले अधिकार जातील, अशी भीती त्यांना वाटली. संकट दिसत होते, तरी दोरी कोणी हातातून सोडेना!

पुढे १७७६ मध्ये तेरा वसाहतींनी इंग्लंडपासून स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. त्यांनी आपला एक संघ केला. पण तो नावापुरताच होता. मध्यवर्ती सभेला कर बसवता येत नव्हता. सैन्यासाठी पैसे हवे असतील, तर राज्यांकडे मागणी करायची आणि वाट पाहायची! १७८३ मध्ये इंग्लंडशी तह झाला. इंग्रज सावकारांच्या कर्जवसुलीत अडथळा आणू नये, असे त्यात ठरले होते. काही राज्यांनी हे कलम पाळले नाही. मग इंग्रजांनीही सरहद्दीवरील काही किल्ले सोडायला नकार दिला. १७८४ मध्ये स्पेनने मिसिसिपी नदीचा खालचा भाग अमेरिकनांच्या वाहतुकीला बंद केला. १७८५ मध्ये अल्जीअर्सच्या जहाजांनी दोन अमेरिकन व्यापारी जहाजे पकडली. अमेरिकेजवळ ना आरमार होते, ना खंडणीसाठी पैसा.

अखेर १७८७ मध्ये फिलाडेल्फियात नवी राज्यघटना तयार झाली. आता ती राज्यांनी मान्य करायची होती. लोकांना तिचे महत्त्व पटावे, म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत टोपणनावाने लेख लिहिले. सर्व मिळून ८५ लेख झाले. परकीयांपासून संरक्षण या विषयावरचे आरंभीचे चार लेख जॉन जे यांचे आहेत. त्यांचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे.

ते म्हणतात, युद्ध दोन प्रकारांनी ओढवते. कधी आपणच तह मोडतो आणि दुसऱ्याला युद्धाचे कारण देतो. तेरा सरकारे असतील, तर त्यांतले एखादे तरी रागाने किंवा लोभाने तह मोडणार. सरहद्दीवरचे राज्य शेजाऱ्यावर चटकन चिडते. सर्वांचे मिळून एकच सरकार असेल, तर ते थंड डोक्याने विचार करील.

कधी कधी आपला काहीच दोष नसतो. राजांना कीर्तीची हाव असते, व्यापारातली स्पर्धा असते. असे राजे कोणावर चालून जातात? जो दुबळा आणि विस्कळीत दिसेल त्याच्यावर. एक सरकार सर्व देशाचे सैन्य आणि पैसा एकत्र करून कोणत्याही भागाचे रक्षण करू शकते. एका राज्यावर हल्ला झाला आणि बाकीची राज्ये स्वस्थ बसली, तर काय होईल?

आणि देशाचे तीन-चार तुकडे झाले तर? ते एकमेकांचा हेवा करतील, असे जे यांना वाटत होते. एक तुकडा एका परकीय सत्तेची मदत घेईल, दुसरा दुसरीची. परक्या फौजेला घरात बोलावणे सोपे. तिला बाहेर काढणे फार कठीण.

मग सगळ्यांना हे पटले का? नाही. विरोधकही विचारी होते. ते विचारत, "परकीयांपासून हे सरकार आमचे रक्षण करील, पण या सरकारपासून आमचे रक्षण कोण करील?" कायमचे सैन्य आणि कराचा अधिकार हाती आला, तर सत्ताधीश जुलमी होतील, अशी त्यांना धास्ती होती. न्यूयॉर्कमध्ये १७८८ साली ३० विरुद्ध २७ मतांनी, म्हणजे अगदी थोडक्यात, घटना मंजूर झाली. विरोधकांचे म्हणणेही वाया गेले नाही. १७९१ मध्ये घटनेला दहा दुरुस्त्या जोडून नागरिकांचे हक्क लिहून ठेवण्यात आले.

आता त्या इरोक्वा संघाचे काय झाले, तेही ऐका. स्वातंत्र्ययुद्धात त्यांच्यात फूट पडली. काही जमाती इंग्रजांकडे गेल्या, काही अमेरिकनांकडे. युद्धानंतर दोन्ही बाजूंच्या जमातींना आपल्या बहुतेक जमिनी गमवाव्या लागल्या. एकीचा सल्ला देणारेच दुभंगले. नव्या अमेरिकेच्या मोळीत त्यांना जागा मिळाली नाही; गुलाम म्हणून राबणाऱ्या लाखो कृष्णवर्णीयांनाही हक्क मिळाले नाहीत.

आपल्या भारताच्या राज्यघटनेतही ३५५ व्या कलमात, प्रत्येक राज्याचे परकीय आक्रमणापासून रक्षण करणे हे संघाचे कर्तव्य सांगितले आहे. त्याच घटनेत नागरिकांचे मूलभूत हक्कही आहेत. मोळी घट्ट हवी, हे खरे. पण दोरीने काठ्याच कापल्या जाऊ नयेत, याचीही काळजी घ्यावी लागते.

शब्दार्थ
दरारा – धाक, वचक
वाटाघाटी – तडजोडीसाठी केलेली बोलणी
युक्तिवाद – मुद्देसूद मांडणी, दलील
विस्कळीत – एकत्र नसलेले
दुभंगणे – दोन भाग होणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कनासतेगोने वसाहतींना कोणता सल्ला दिला?
(आ) फ्रँकलिनने कोणते चित्र छापले?
२. कारणे लिहा.
(अ) ऑल्बनीची योजना विधिमंडळांना पसंत पडली नाही.
(आ) इंग्रजांनी काही किल्ले सोडले नाहीत.
३. 'मोळी' आणि 'दोरी' हे शब्द या पाठात कशासाठी वापरले आहेत? चार-पाच वाक्यांत लिहा.