मीठ शिळे होते का?

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या स्वयंपाकघरातून मिठाची एक न फोडलेली पिशवी केराच्या टोपलीत गेली. तिच्यावरची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. बाजरीच्या पिठाचा डबा मात्र पुसून पुन्हा फळीवर ठेवला गेला. त्यावर तारीखच नव्हती. पुढच्या आठवड्यात त्या पिठाच्या भाकऱ्या कडू झाल्या आणि डबाभर पीठ टाकावे लागले. टिकणारे टाकले आणि न टिकणारे जपले, असा हा हिशोब.

पदार्थ नासतो तो बहुधा त्यात जिवाणू, बुरशी किंवा यीस्ट वाढल्यामुळे. या सर्वांना पाणी लागते. पण पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा त्यातले किती पाणी त्यांच्या हाती लागते हे महत्त्वाचे. मीठ आणि साखर पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. दाट पाकात पडलेल्या जिवाणूच्या पेशीतलेच पाणी उलट बाहेर ओढले जाते. या 'उपलब्ध पाण्याचे' एक माप आहे. शुद्ध पाण्यासाठी ते १ धरतात, ०.६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. मधात वजनाच्या सुमारे पाचवा-सहावा हिस्सा पाणी असूनही त्याचे हे माप ०.६ च्या आसपासच असते. म्हणून झाकण घट्ट असेल तर मध वर्षानुवर्षे टिकतो. ओला चमचा बुडवला की मात्र तो आंबू शकतो. मध थिजला म्हणजे बिघडला असे नव्हे. त्यातल्या ग्लुकोजचे स्फटिक झालेले असतात. बरणी कोमट पाण्यात ठेवावी. (एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध, नवा असो वा जुना, देऊ नये.)

कोरडी साखर आणि मीठ यांना तर मुदतच नाही. साधी साखर, आयोडीन न घातलेले मीठ आणि व्हिनेगर यांवर तारीख छापण्याची सक्ती 'कोडेक्स' ही आंतरराष्ट्रीय अन्नसंहिताही करीत नाही. मग आपल्या मिठाच्या पिशवीवर तारीख का? ती मिठाची नसून आयोडीनची! दमट हवेत आणि उष्णतेने आयोडीन हळूहळू कमी होते. दुकानातल्या मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे लागते. जुने मीठ फेकायचे कारण नाही, लोणच्याला ते उत्तम. रोजच्या जेवणाला ताजे घ्यावे. गुळाला मात्र साखरेच्या पंक्तीला बसवू नये. तो पावसाळ्यात हवेतले पाणी ओढून घेतो आणि पाझरतो.

आता बाजरी. ती कोरडीच होती, मग बिघडली कशी? तिच्या दाण्यात तेल असते आणि ते तोडणारे विकरही असते. अख्ख्या दाण्यात दोघे बरेचसे अलग असतात. दळले की एकत्र येतात, तेलातून आम्ले सुटतात, हवेतला ऑक्सिजन उरलेले काम करतो. म्हणून बाजरीचे दळण आठवड्यापुरतेच काढतात. हातसडीच्या तांदळाच्या कोंड्यातही तेल असते, तोही लवकर खवट होतो. पॉलिश केलेला तांदूळ कोरडा आणि किडीपासून दूर ठेवला तर कितीतरी वर्षे राहतो. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो म्हणून त्याला भावही जास्त. जुनी डाळ शिजायला वेळ घेते इतकेच.

वर्गात हे दाखवता येईल. तीन ग्लासांत बटाट्याचे सारखे तुकडे घ्या. एकात साधे पाणी घाला, दुसऱ्यात अर्धा चमचा मिठाचे पाणी, तिसऱ्यात तळाशी मीठ उरेल इतके दाट मिठाचे पाणी. झाकून आठवडाभर रोज नोंद ठेवा. चव कोणी घेऊ नये. पहिला ग्लास दोन-तीन दिवसांत गढूळ होतो. तिसऱ्यातले तुकडे आकसतात, कारण त्यांच्यातले पाणी बाहेर येते. पण मीठ घालूनही दुसरा ग्लास का नासला, हे मुले विचारतील. उत्तर लगेच देऊ नका. चवीपुरते मीठ घातलेली आमटी दुसऱ्या दिवशी का आंबते, हे त्यांनाच आधी विचारा.