गावाला निघताना मोत्याचे काय?

मुंबईतील गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग येथील मराठी कुटुंबांत सुटी म्हणजे मुख्यतः गावाला जाणे, आणि हे गाव कोणाचे तळकोकणात असते, कोणाचे घाटावर म्हणजे सातारा-कोल्हापूरकडे. गिरणगावातील (परळ-लालबागच्या कापडगिरण्यांच्या वस्तीतील) चाळींत, म्हणजे एका सामाईक गॅलरीवर ओळीने दारे उघडणाऱ्या एकदोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, मुलांची आणि जनावरांची सोय हा वेगळा विचार करण्याचा विषयच नव्हता. कारण मांजर एका घराचे नसून अख्ख्या मजल्याचे असे, कुत्रा वाडीचा असे, आणि कोकणातली बिऱ्हाडे शिमग्याला व गणपतीला गावी गेली तरी घाटावरची मंडळी त्या दिवसांत इथेच असत, तर घाटावरचे लोक आपल्या गावच्या जत्रेला गेले की कोकणातले शेजारी इथे असत. मजला असा कधी पूर्ण रिकामा होत नसल्यामुळे दुधाची बशी भरणारा कोणीतरी हमखास सापडे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हळूहळू गिरण्या बंद पडल्या, पुढे चाळींच्या जागी टॉवर उभे राहू लागले, आणि कुत्रा वाडीतून उठून बंद दाराआड एका कुटुंबाचा झाला. त्याची जबाबदारीही त्याबरोबर एकाच कुटुंबावर आली, पण सुटीचे नियोजन मात्र अजून जुन्याच सवयीने होते: आधी गाडीचे आरक्षण, मग मुलांचे कपडे, आणि निघायच्या आदल्या रात्री ‘मोत्याचे काय करायचे’ हा प्रश्न. हा क्रम उलटा करायला हवा. प्राणी बरोबर येणार की मागे राहणार, हे तिकीट काढण्यापूर्वी ठरले नाही, तर पुढचे सगळे निर्णय घाईचे होतात आणि त्या घाईचा त्रास ज्यांना बोलून दाखवता येत नाही त्यांना, म्हणजे जनावराला आणि लहान मुलाला, सर्वांत जास्त होतो.

रेल्वेचे नियम पाहिले तर हा क्रम का बदलायचा ते ध्यानात येते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली असल्याने मेच्या पहिल्या आठवड्याचे आरक्षण मार्चच्या आरंभी, म्हणजे ऐन परीक्षांच्या दिवसांत, खुले होते. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ न घेतल्यास तिकीट लागत नाही. पाच ते बारा या वयाच्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धे आणि हवा असेल तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. कुत्र्याला मात्र वातानुकूलित टू-टियर, थ्री-टियर, चेअरकार वा स्लीपर या डब्यांतून नेता येत नाही. तो फक्त प्रथम वर्गात, आणि तेथेही संपूर्ण कूपे (दोन बर्थची खोली) किंवा केबिन (चार बर्थची खोली) त्याच कुटुंबाच्या नावावर असेल तरच निर्धास्तपणे नेता येतो. खोलीत इतर प्रवासी असतील आणि त्यांनी हरकत घेतली, तर त्याची रवानगी गार्डच्या डब्यात होते. कूपे मिळेल की नाही हे बहुधा आरक्षणाचा तक्ता लागेपर्यंत कळत नाही. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातील पिंजऱ्याचा; त्यासाठी पार्सल कार्यालयात नोंदणी करावी लागते आणि वाटेत पाणी-खाणे देण्याची जबाबदारी मालकाचीच असते. मेच्या उकाड्यात पग किंवा बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना, ज्यांना श्वासावाटे शरीर थंड करणे अवघड जाते, त्या पिंजऱ्यात रात्रभर ठेवणे सरळ धोक्याचे आहे. गणपतीच्या विशेष गाड्यांना प्रथम वर्गाचा डबा अनेकदा नसतो, तेव्हा कुत्रा न्यायचा असेल तर गाडी कोणती हेच त्याच्यावरून ठरवावे लागते.

आरोग्याच्या तयारीसाठी परळच्या रहिवाशांना लांब जावे लागत नाही. १८८३ साली स्थापन झालेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय, ज्याला आसपासची जुनी माणसे अजूनही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात, आणि १९२९ सालचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय ही दोन्ही परळमध्येच आहेत. मुलांचा आणि जनावरांचा विचार शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एकाच वस्तीत इतक्या गांभीर्याने झाला होता, याचा येथील लोकांना अभिमान वाटायला हवा. लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास काही आठवडे लागत असल्याने रेबीजची, तसेच उंदरांच्या मूत्रातून पाण्यावाटे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस कुत्र्याला प्रवासाच्या किमान महिनाभर आधी टोचलेली असावी, आणि त्याच्या प्रवासयोग्यतेचा दाखला मात्र निघण्यापूर्वीच्या एकदोन दिवसांतला असावा. घाटातील वळणांवर मुलाला आणि कुत्र्याला सारखीच मळमळ होते; कुत्र्याला निघण्याआधी तीन-चार तास जड खाणे देऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीचे तापमान दहा-पंधरा मिनिटांत घातक पातळीकडे जाऊ लागते, त्यामुळे ‘चहा घेऊन येतो’ एवढ्या वेळापुरतेही दोघांपैकी कोणालाच आत ठेवू नये.

मागे ठेवण्याचा निर्णयही तितकाच अभ्यासाचा आहे. मांजर माणसांपेक्षा जागेला अधिक धरून असते, म्हणून तिला टोपलीत घालून गावी नेण्यापेक्षा तिच्याच घरात ठेवून शेजारच्या काकूंनी दिवसातून दोनदा येऊन पाहणे हे तिच्या दृष्टीने बरे. कुत्र्याला माणूस लागतो. तो नातेवाइकाकडे किंवा बोर्डिंगमध्ये, म्हणजे दिवसाच्या दराने प्राणी सांभाळणाऱ्या ठिकाणी, ठेवायचा असेल तर आधी एक रात्र ठेवून पाहावे. लालबाग-परळच्या कुटुंबांपुढे येथे एक खास अडचण असते. ते स्वतः घरच्या गणपतीसाठी गावी जातात, त्या दिवसांत त्यांची मुंबईतली वस्ती वर्षातील सर्वांत मोठ्या आवाजात असते. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने असलेले, आवाज ऐकू येतात. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. ढोल, ताशे, फटाके आणि ध्वनिवर्धक यांच्या मधोमध, घरची माणसे नसताना, बंद खोलीत कुत्र्याला ठेवणे ही क्रूरता आहे, मग त्यामागे हेतू कितीही चांगला असो. त्याची सोय मिरवणुकीच्या मार्गापासून दूर करावी.

चाळींतून परंपरेने पाळला जाणारा पोपट हा वेगळा मुद्दा आहे. भारतीय रानपोपट पिंजऱ्यात ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, त्यामुळे तो गावी न्यावा की शेजाऱ्याकडे ठेवावा हा प्रश्न मुळातच गैरलागू ठरतो. तो वनविभागाकडे सुपूर्द करणे हाच मार्ग.

गावी पोहोचल्यावर शहरी कुत्रा आणि शहरी मूल दोघेही अंगणाला, शेणामातीला, मोकळ्या रानाला नवखे असतात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात पाळीव कुत्र्याचा वाटा सर्वाधिक आढळला होता. कोकणातही बिबटे वस्तीजवळ येतात, म्हणून तिन्हीसांजेनंतर कुत्रा अंगणात न बांधता घरात घ्यावा आणि मुलांनाही एकटे परसात पाठवू नये. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडताप, म्हणजे रानातील गोचिडींमुळे होणारा विषाणुज्वर, आढळला असल्याने त्या बाजूच्या रानात उन्हाळ्यात फिरून आल्यावर मुलांचे अंग आणि कुत्र्याचे कान व बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्यात. कोकणातील लाल विंचवाचा दंश लहान मुलांना विशेष घातक ठरतो, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा उपचार रूढ केल्यापासून त्यातील मृत्यू फार कमी झाले, पण ते औषध वेळेत मिळण्यासाठी जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे लागते.

घरच्या कुत्र्याला जवळ घेण्याची सवय असलेली मुले गावातील अनोळखी कुत्र्याकडेही तशीच धावतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रेबीजचा संशय असलेल्या प्राण्याने चावा घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, त्यावर हळद किंवा चुना लावू नये, आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. सरकारी दवाखान्यांत ही लस साधारणपणे पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात, म्हणजे मेमध्ये गावी सुरू झालेला क्रम जूनमध्ये मुंबईत, बहुधा शाळा उघडण्याच्या सुमारास, पूर्ण होतो. म्हणून गावच्या आरोग्य केंद्राने दिलेले लसीचे कार्ड आंब्यांच्या पेटीइतकेच जपून परत आणावे लागते.