पाडण्याआधीचा कागद

लेखमाला : जुन्या घरांचं काय करायचं? (भाग 5)

मागच्या आठवड्यात दुरुस्तीबद्दल बोललो. आज त्यापुढचं, बोलायला जड जाणारं. वाडा दुरुस्तीच्या पलीकडे गेला आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पण 'पाडू या' हे पहिल्यांदा तोंडातून काढायला कुणी तयार नसतं. मालक बोलला तर भाडेकरूंना वाटतं, हा आम्हाला हुसकायचा डाव आहे. भाडेकरूने विषय काढला तर हक्क आपणहून सोडल्यासारखं होतं. वारसांपैकी एक जण बोलला की बाकीचे विचारतात, तुझं बिल्डरशी काय ठरलंय? मग टेकू लावले जातात, गच्चीवर ताडपत्री पडते आणि सगळे मिळून आणखी एक पावसाळा काढतात.

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण पेठांत किंवा नाशिकच्या पंचवटीत जे जुने वाडे उरले आहेत, त्यांचा सांगाडा लाकडाचा असतो. दगडी जोतं, सागवानी खांब, त्यावर तुळया, कडीपाट आणि मधल्या भिंती विटांच्या किंवा मातीच्या. अशा घराचं दुखणं दर्शनी भागात दिसत नाही. तुळई मध्यभागी ठणठणीत असते. कुजते ती तिच्या टोकाशी, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, कारण भिंतीतली ओल तिथे साठते आणि वारा लागत नाही. शेजारी मोरी असेल तर बघायलाच नको. साधा स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या टोकाशी टोचून बघा. चांगलं सागवान पातं आत घेत नाही. वाळवीने खाल्लेल्या तुळईत ते मुठीपर्यंत जातं आणि बाहेर येताना ओला भुसा घेऊन येतं. वरचा रंग मात्र शाबूत असतो.

भिंतीच्या तड्याचंही तसंच. तडा आहे एवढ्याने काही कळत नाही, तो वाढतोय का हे कळायला हवं. जुने गवंडी तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरने पक्की करतात आणि शेजारी तारीख लिहितात. काच तडकली म्हणजे भिंत हलते आहे. कालपर्यंत सहज लागणारं दार एकाएकी चौकटीत अडकायला लागलं तर त्याचाही अर्थ बहुधा तोच.

एक गोष्ट इथे आग्रहाने सांगतो. काँक्रीटच्या इमारतीसाठी ज्या चाचण्या आहेत, हातोड्यासारखं यंत्र दाबून पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणं, ध्वनिलहरी सोडून आतल्या पोकळ्या शोधणं, सळ्यांचा गंज तपासणं, त्यांचा लाकडी वाड्याच्या अहवालात काही उपयोग नाही. तरी छापील साच्यातले असे अहवाल वाड्यांच्या नावाने दिलेले मी पाहिले आहेत. तज्ज्ञाने प्रत्येक खोलीत जाऊन, तुळयांची टोकं उघडून, फोटोवर तारीख घालून लिहिलेली चार पानं त्यापेक्षा कितीतरी मोलाची.

वय हा निकष धरू नका. 2013 मध्ये मुंबईत माझगावला बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली, 61 माणसं गेली. ती काही शंभर वर्षांची नव्हती. महाडची तारीक गार्डन 2020 मध्ये पडली तेव्हा तिला दहा वर्षंही झाली नव्हती. उलट दीडशे वर्षांचे वाडे नीट राखले तर आजही उभे आहेत.

आता कायदा. मुंबईत 1888 च्या महापालिका कायद्याचं कलम 354, राज्यातल्या इतर महापालिकांत 1949 च्या कायद्याचं कलम 264. पडायला आलेली इमारत पाडा, आधार द्या किंवा दुरुस्त करा, असं आयुक्त लेखी बजावू शकतात. कलम 268 खाली घर रिकामं करायला लावता येतं. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची जबाबदारीही याच कायद्यांनी टाकली आहे. तपासणीनंतर वर्गवारी होते : सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-2 म्हणजे मोठी दुरुस्ती (त्यातही काही भाग रिकामा करून की न करता, असे अ आणि ब), सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मालकाचा अहवाल सी-1 म्हणतो आणि भाडेकरूंचा सी-2, असं नेहमी होतं. असे परस्परविरोधी अहवाल तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात.

वाडा इतका का कुजू दिला, याचं उत्तर बऱ्याच अंशी भाड्यात आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने अनेक भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण मूळ आकडाच इतका लहान की त्यावर चार टक्के ते काय? दुरुस्ती मालकाने करायची, त्याने नाही केली तर भाडेकरूने नोटीस देऊन करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा, तोही वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना 40 रुपये भाडं असेल तर वर्षाचे 480, त्याचा चौथा हिस्सा 120 रुपये. त्यात सिमेंटची एक गोणीही येत नाही. मालक वाईट, भाडेकरू चिवट, असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. दोघांनाही खर्च न करणंच परवडत होतं, आणि त्याची किंमत तुळयांनी मोजली.

म्हणून माझं म्हणणं असं, की पाडण्याच्या प्रस्तावाचं पहिलं पान तड्यांचं नसावं, माणसांचं असावं. कोणत्या मजल्यावर कोण राहतं, किती वर्षांपासून, भाडेपावती कुणाच्या नावाची, खोलीचं आतलं मोजमाप किती, पोटमाळा धरला की नाही, संडास स्वतंत्र की सामाईक. मोजताना मालक, भाडेकरू आणि इंजिनिअर तिघं हजर हवेत, तिघांच्या सह्या हव्यात आणि प्रत्येकाच्या हातात एक प्रत हवी. लोक पडक्या घरात राहतात ते धोका कळत नाही म्हणून नव्हे. एकदा बाहेर पडलो, घर पाडलं, की आपण इथे होतो याचा पुरावाच उरणार नाही, ही भीती त्यांना धरून ठेवते. एका वाड्यातल्या काकू मला सरळ म्हणाल्या होत्या, "अहो, छत पडेल ते दिसतंय मला. पण आधी कागद दाखवा, मग वळकटी बांधते."

त्यांचं मागणं कायद्याला धरूनच होतं. धोकादायक इमारत पाडण्याआधी प्रत्येक रहिवाशाच्या ताब्यातलं चटईक्षेत्र मोजून नोंदवा, पाडल्याने कुणाचा हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये मार्गदर्शक सूचनांत सांगितलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही निर्वाळा दिला की इमारत गेली तरी खालची जमीन राहते, त्यामुळे भाडेकरूपण आपोआप संपत नाही. ही दोन वाक्यं नोटिशीसोबत मोठ्या अक्षरांत प्रत्येक दारावर चिकटवायला हवीत. प्रत्यक्षात नोटीस येते ती 'अमुक दिवसांत जागा खाली करा' एवढंच सांगत.

भेंडीबाजारची हुसैनी इमारत 31 ऑगस्ट 2017 ला सकाळी कोसळली. ती धोकादायक ठरली होती, पुनर्विकासाची योजना होती, काही कुटुंबं संक्रमण निवासांत गेलीही होती. काही मात्र तिथेच होती. 33 जण मेले. सगळे निर्णय झालेले असताना माणसं आत राहतात, याइतकं खंत वाटायला लावणारं दुसरं काही नाही. धोका सिद्ध झाल्यापासून शेवटचं कुटुंब बाहेर पडेपर्यंतचा काळ कमी करायचा असेल तर नोटिशीची भाषा कडक करून भागत नाही, रहिवाशांची ती यादी आधी पक्की लागते.

अर्जात बाकी फार लिहू नये. सिटी सर्व्हे नंबर, बांधकामाचा प्रकार, तारखेचे फोटो, तात्पुरते टेकू कुठे दिले, आणि आपण नेमकं काय मागतो आहोत : पूर्ण पाडणं, की मागचा सोपा तेवढा. वारसा यादीत वाडा असेल तर वेगळी परवानगी लागते, ती आधीच बघावी. वेळेचं म्हणाल तर दिवाळी उलटली की अर्ज द्यावा. मे महिन्यात दिलेल्या अर्जावर पाऊस पडतो.

पाडतानाही घाई नको. आधी वीज, पाणी, गॅस तोडायचे. मग बांधलं त्याच्या उलट क्रमाने उतरवायचं : कौलं, वासे, आढं, पाटण, तुळया आणि शेवटी भिंती, थोड्या थोड्या उंचीने. बोळातल्या वाड्याला जेसीबीचा धक्का दिला तर शेजारच्या घराची सामाईक भिंत बरोबर येते. सागवान निघेल त्याचा हिशेब कुणाकडे जाणार, हेही आधी लिहून ठेवा. मातीच्या घराच्या लाकडावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आहेत.

(पुढील आठवड्यात : सामाईक भिंत कुणाची?)