चावडीवरचे नवे पंच

रात्रीचे नऊ वाजून गेलेले, स्टीलच्या डब्यातील शेवभाजी निवत चाललेली, आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या एकाच मोबाइलभोवती चोपडा, पारोळा, शिरपूर अशा गावांहून शिक्षणासाठी जळगावात येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी चार मुले दाटीवाटीने बसलेली, असे दृश्य २०२४ च्या पावसाळ्यात माझ्या पाहण्यात आले. पडद्यावर ‘बिग बॉस मराठी’च्या घरातील कलह ऐन रंगात आला होता. भांडी कोणी घासावीत, असा काहीसा क्षुल्लक तो वाद. परंतु चौघांच्या मुद्रा अशा गंभीर, की जणू एखाद्या पाटीलकीच्या वतनाचा तंटाच त्यांच्यापुढे निवाड्यास आला आहे. “तिन्हं काय चुकनं?” असे शिरपूरचा मुलगा अहिराणीत पुनःपुन्हा विचारीत होता, आणि बाकीचे तिघे मागच्या आठवड्यातील प्रसंगांचे दाखले काढून त्याला निरुत्तर करू पाहत होते.

तरुणांना हे कार्यक्रम इतके का आवडतात, असे विचारले की वडीलधारी मंडळी अभिरुचीच्या ऱ्हासाकडे बोट दाखवून मोकळी होतात. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची हौस हेही एक कारण सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. पण ती हौस तरुणांचीच मक्तेदारी असती, तर आमच्या गल्लीतील ओट्यांवर संध्याकाळी कोणी बसलेच नसते! मला कारण निराळे दिसते. आपल्याकडे अठरा-वीस वर्षांचा मुलगा वा मुलगी हा बारा महिने तेरा काळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला प्राणी आहे. बारावीला टक्के किती पडले, पोलीस भरतीत नाव का लागले नाही, मुलगी सातच्या आत घरी का आली नाही, या प्रश्नांची कैफियत त्याने कॉलेजात, घरात आणि लग्नकार्यात जमलेल्या भाऊबंदांपुढे सदैव देत राहावयाची. ज्याच्याविषयी सारे जग निकाल देते, त्याला दिवसातून एक तास स्वतः निकाल देण्याचा अधिकार मिळाला, तर तो त्यास सोडील कसा?

गंमत अशी, की हा मर्मबिंदू कार्यक्रमाच्या चालकांनी नेमका हेरला आहे. महेश मांजरेकर सूत्रसंचालक असताना काही पर्वांत आठवड्याअखेरीच्या झाडाझडतीला ‘चावडी’ असेच नाव होते. पुढे २०२४ मध्ये रितेश देशमुख आले आणि तिचा ‘भाऊचा धक्का’ झाला. तरी कामकाज तेच राहिले. फिर्याद, साक्ष, ताकीद, शिक्षा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी जन्मभर जी जुनी कागदपत्रे धुंडाळली, त्या प्रकारच्या निवाडपत्रांत आणि महजरांत गोतसभेचा, म्हणजे गावच्या न्यायसभेचा, हाच क्रम दिसतो. भेद एवढाच, की त्या सभेत पाटील, कुलकर्णी, वतनदार यांची नावनिशी असे. बिनमिशीच्या पोराला तेथे कोण पुसतो? आज त्याच्या हाती मत आहे, आणि त्याच्या मताने माणूस घरात राहतो वा बाहेर पडतो, ही जाणीव मादक आहे.

या कार्यक्रमाची मूळ कल्पना परदेशची. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये जॉन डी मोल यांनी हा खेळ ‘बिग ब्रदर’ या नावाने सुरू केला. नाव ऑर्वेलच्या कादंबरीतून उचललेले. तेथे ज्या सर्वसाक्षी डोळ्याचे भय होते, त्याच डोळ्यामागे येथे प्रेक्षकाला आसन मिळाले. हिंदीत तो २००६ मध्ये आला, मराठीत १५ एप्रिल २०१८ रोजी. आणि त्याच वर्षी २२ जुलैला पहिले विजेतेपद मिळाले ते मूळच्या जळगावच्या मेघा धाडे यांना. पाचव्या पर्वात, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, बारामती तालुक्यातील मोढवे गावचा, फारसे शालेय शिक्षण न झालेला, टिकटॉकवरील चित्रफितींमुळे ओळखला गेलेला सूरज चव्हाण विजयी झाला. शुद्ध भाषा, घराणे, पदवी यांपैकी काहीही पदरी नसताना निकाल आपल्या बाजूने लागू शकतो, हे आपली अहिराणी शहरात दबकत बोलणाऱ्या मुलाला किती मोलाचे वाटत असेल, याची कल्पना प्रमाण मराठीत वाढलेल्यांना सहसा येत नाही.

मात्र या चावडीचे दप्तर कोणाच्या कबजात आहे, हे पाहिले पाहिजे. घरातील कॅमेरे अहोरात्र टिपतात आणि पडद्यावर येते ते तास-दीड तासाचे. चोवीस तासांतून काय ठेवावे, कोणाच्या अश्रूंना सतारीची साथ द्यावी आणि कोणाच्या बोलण्यावर ढोल वाजवावा, हे कार्यक्रमाचा चालक संकलनाच्या खोलीत ठरवतो. कारकून तोच, फिर्यादीला चिथावणारा तोच, आणि तंटा जितका लांबेल तितका जाहिरातींचा नफा त्याचाच! मुलांना हे कळत नाही, असे समजू नये. “हाई समदं कापीकुपी दाखाडतस,” असे चोपड्याचा मुलगा त्या रात्री सहज म्हणाला, आणि लगेच पुन्हा साक्षीपुराव्यात गढून गेला.

एवढ्यात मोबाइल थरथरला. घर, भांडण, सूत्रसंचालक सारे लुप्त होऊन पडद्यावर ‘आबा’ अशी अक्षरे उमटली. पारोळ्याच्या मुलाने तांब्यापाशी ठेवलेला तो मोबाइल उचलला, घसा खाकरला आणि दाराबाहेर जाऊन तो अगदी निराळ्या आवाजात म्हणाला, “हां आबा, अभ्यासच करी ऱ्हायनू.” आत तिघे पंच निवलेल्या शेवभाजीपुढे हात आवरून त्याची वाट पाहत बसले होते.