खोळीखालची खोळ

जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात कॅन्टीन, म्हणजे सैनिकांच्या पाण्याच्या बाटल्या, मांडलेल्या दिसल्या की नवखं गिऱ्हाईक पट्टा आणि बूच बघतं. मुरलेला संग्राहक खोळीची शिवण बघतो. अमेरिकेत राहायला आल्यावर मला हा नाद लागला. आता बाटली हातात आली की मीही आधी ती फिरवून खोळ कुठे फाटली आहे ते शोधते. फाटकी असेल तर उत्तमच.

कारण आतली बाटली बहुतेकदा एकच असते, १८५८च्या नमुन्याची. कल्हईच्या लोखंडी पत्र्याच्या दोन खोलगट ताटल्या समोरासमोर ठेवून कडेने झाळलेल्या, वर प्यूटरचं तोंड, पट्ट्यासाठी तीन कड्या. पाणी दीड लिटरला थोडं कमी. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सरकारने या बाटल्या इतक्या बनवून घेतल्या की १८६५ नंतर कोठारं भरलेलीच राहिली. पश्चिमेच्या माळरानांवर मूळ रहिवाशांशी लढायला निघालेल्या पलटणींसाठी नवा माल घ्यायला सरकार कशाला पैसे मोजेल? जुन्याच बाटल्यांना नवे कपडे शिवले गेले. आत करड्या घोंगडीचं कापड, १८७०च्या दशकाच्या अखेरीस त्यावर जाड कॅनव्हास, आणि कॅनव्हासवर काळ्या रंगात ‘यू. एस.’ असा ठसा. म्हणजे पत्रा यादवी युद्धाचा, अंगरखा सरहद्दीचा. किंमत ठरते ती अंगरख्यावर.

म्हणूनच कॅनव्हास कडेला विरून खालची करडी लोकर डोकावत असली की माझा जीव भांड्यात पडतो. नकली माल करणारा वरची खोळ झकास शिवतो. आतल्या थरासाठी तो सहसा हात आखडता घेतो. ऐतिहासिक लढायांचे प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींसाठी नव्या कॅन्टीन सर्रास बनतात, त्यात लबाडी काहीच नाही. लबाडी सुरू होते ती त्यांना चहाच्या पाण्यात बुडवून ‘आजोबांच्या माळ्यावर सापडली’ म्हणून विकताना. अशा वेळी पर्समधलं छोटं लोहचुंबक कामाला येतं. नव्यांपैकी बऱ्याच स्टेनलेस स्टीलच्या असतात, त्यांना ते नीट चिकटत नाही. अतिनील किरणांच्या टॉर्चखाली आजकालचा धागा पुष्कळदा निळसर चमकतो, जुनी लोकर आणि सूत तसं चमकत नाही. गंजही वाचता यावा लागतो: खरा गंज कड्यांच्या बुडाशी आणि सांध्यावर आतून फुटतो, कापडावर वेडेवाकडे डाग पाडतो. सगळीकडे सारखा तपकिरी रंग दिसला की मी टेबल सोडते.

खोळीवर कधी कंपनीचं अक्षर आणि सैनिकाचा क्रमांक असतो. अशी बाटली हातात असली की मला १८७७ चा जुलै आठवतो. टेक्सासच्या लानो एस्ताकादो पठारावर कॅप्टन निकोलस नोलन कृष्णवर्णीयांच्या दहाव्या घोडदळाची एक तुकडी घेऊन कोमान्ची या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांच्या मागावर निघाला आणि वाट चुकला. शहाऐंशी तास पाणी नव्हतं. माणसं घोड्यांचं रक्त प्यायली, मूत्र प्यायली, तरी चार सैनिक दगावले. दीड लिटरचीही नसलेली बाटली त्या उन्हात किती पुरणार! संग्राहकांच्या गप्पांत शिवणीवर तासभर काथ्याकूट होतो, या तहानेवर क्वचित. कोमान्चींची बाजू तर त्याहून क्वचित.

जमिनीतून उकरलेल्या बाटल्यांना मी हात लावत नाही. सरकारी जमिनीवरचा पुरातन ठेवा परवान्याशिवाय उकरायला १९७९ च्या कायद्याने बंदी आहे, आणि विक्रेता जागा सांगायला टाळाटाळ करत असेल तर समजायचं ते समजावं.

माझी आवडती वस्तू मात्र कुठल्याच यादीत न बसणारी. यादवी युद्धातले सैनिक कधी कधी बाटली विस्तवात टाकून झाळ वितळवत आणि दोन्ही अर्ध्या भागांचा तवा करत, ताटली करत, वेळ आली तर त्यांनीच खंदक उकरत. तसा एक अर्धा भाग माझ्याकडे आहे: कडेला झाळीचे ओघळ, बुडाला काजळी. विक्रेत्याने तो किरकोळ खोक्यात टाकला होता आणि त्यावर चिठ्ठी होती, ‘ॲशट्रे’. मी घासाघीस न करता पैसे दिले.