पाण्याखालचे पंधरा मीटर

जलतरणाच्या शर्यतीत सर्वांत जास्त वेग असतो तो सूर मारून पाण्यात शिरताना. त्याखालोखाल वेग भिंतीला पाय रेटून निघताना मिळतो. पृष्ठभागावर हात मारून तेवढा वेग टिकवणे कोणालाही शक्य झालेले नाही. म्हणून जलतरणपटू तो पाण्याखालीच राखू पाहतात. हात डोक्यापुढे ताणून एकावर एक घट्ट, पाय जुळलेले आणि छातीपासून पावलांपर्यंत धावणारी एकच लाट, ही डॉल्फिन किक. या लेखमालेतल्या टर्नवरच्या भागात तिचा उल्लेख ओझरता झाला होता. त्यावर एका वाचकाने विचारले आहे, की पाण्याखाली वेग जास्त मिळत असेल, तर अख्खी शर्यत पाण्याखालीच का पोहत नाहीत? या प्रश्नामागे जलतरणाचा अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे.

पृष्ठभागावरून जाणारे शरीर लाटा उठवते आणि त्या उठवण्यात पोहणाऱ्याची बरीच शक्ती खर्च होते. वेग वाढतो तसा हा विरोध झपाट्याने वाढतो. शरीर अर्धा-एक मीटर खाली गेले की लाटा फारशा उठत नाहीत. उरतो तो शरीराच्या आकाराचा आणि पाण्याच्या घर्षणाचा विरोध. या फायद्याची किंमत मात्र श्वासाने मोजावी लागते. मांड्या-पोटाचे मोठे स्नायू प्राणवायू वेगाने वापरतात. काही किकनंतर जोर ओसरतो आणि वेग पृष्ठभागावरच्या वेगापेक्षाही खाली येतो. वर यायचे ते त्याच्या किंचित आधी. ही वेळ अचूक साधणे हे वेगळेच कौशल्य आहे. पाण्याखालच्या अंतरावर मर्यादा घालणारा नियम नसता तरी अख्खी शर्यत पाण्याखाली पोहणे परवडले नसते. पण तिचा फार मोठा भाग नक्कीच तसा पोहला गेला असता. तसे प्रत्यक्षात घडलेही आहे.

पहिला प्रसंग ब्रेस्टस्ट्रोकचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये जपानच्या मासारु फुरुकावाने २०० मीटरचे सुवर्णपदक २ मिनिटे ३४.७ सेकंदांत जिंकले, तेही शर्यतीचा बराच मोठा भाग पाण्याखाली राहून. हात थेट मांड्यांपर्यंत ओढता येत असल्यामुळे हा मार्ग जलद होता. स्पर्धेनंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिना’ने, त्यावर बंदी आणली. सूर मारल्यावर आणि टर्ननंतर पाण्याखाली एकदाच हात ओढण्याची मुभा तेवढी उरली.

दुसरा प्रसंग बॅकस्ट्रोकचा. हार्वर्डचा विद्यार्थी डेव्हिड बर्कॉफ सुरुवातीला जवळजवळ ३५ मीटर पाण्याखालून जाई. १९८८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या निवड चाचणीत १०० मीटर ५५ सेकंदांच्या आत पोहणारा तो पहिला ठरला. सेऊल ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत त्याने ५४.५१ सेकंदांचा नवा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीत मात्र जपानचा दाइची सुझुकी त्याच तंत्राने त्याला भिडला. त्याने पाण्याखालच्या किक नेहमीपेक्षा वाढवल्या आणि ५५.०५ सेकंदांत सुवर्णपदक घेतले. बर्कॉफ ५५.१८, तर सोव्हिएत संघाचा इगोर पोल्यान्स्की ५५.२०. सेऊलनंतर लगेच १० मीटरची मर्यादा आली. १९९१ मध्ये ती १५ मीटर झाली आणि आजही तेवढीच आहे.

बटरफ्लायला ही मर्यादा तेव्हा लागू नव्हती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये रशियाच्या डेनिस पांक्रातोव्हने सुरुवातीचे अंतर दीर्घकाळ पाण्याखालून कापत १०० मीटर ५२.२७ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकले. २०० मीटरचे सुवर्णही त्याचेच. १९९८ मध्ये बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइललाही १५ मीटरची रेषा आखली गेली. अमेरिकेच्या मिस्टी हायमनची सारी घडण कुशीवर वळून मारलेल्या पाण्याखालच्या किकवर झालेली होती. नव्या नियमामुळे तिला पोहणे नव्याने बांधावे लागले. सन २००० मध्ये सिडनीत तिने २०० मीटर बटरफ्लायमध्ये ऑस्ट्रेलियाच्या सुझी ओनीलला तिच्याच देशात हरवले. नियमाने तिचे हत्यार बोथट केले होते, पण पृष्ठभागावरचे तिचे पोहणे तेवढेच पक्के झाले होते.

आज १५ मीटरची खूण लेनच्या दोरीवर वेगळ्या रंगाच्या तरंगकाने दाखवलेली असते. डोके तिथवर पृष्ठभागाबाहेर आलेच पाहिजे, नाहीतर पोहणारा बाद होतो. ५० मीटरच्या तलावात १०० मीटरच्या शर्यतीत असे दोन टप्पे मिळतात, म्हणजे ३० मीटर. २५ मीटरच्या तलावात चार टप्पे, म्हणजे ६० मीटर. छोट्या तलावातले विक्रम वेगळे नोंदवले जातात त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

या १५ मीटरांचे मोल फ्रान्सच्या लेऑन मार्शाँने पॅरिस ऑलिंपिकमध्ये दाखवले. ३१ जुलै २०२४ च्या संध्याकाळी २०० मीटर बटरफ्लायमध्ये शेवटच्या टर्नला हंगेरीचा क्रिश्तोफ मिलाक पुढे होता. मार्शाँ भिंतीपासून खोल निघाला, जवळजवळ पूर्ण मुभा वापरून वर आला आणि अंतर मिटले. त्याची वेळ १:५१.२१, मिलाकची १:५१.७५. त्याच संध्याकाळी त्याने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकही जिंकला. इतर बहुतेकांचा जोर ज्या शेवटच्या टर्नला संपतो, तिथे त्याची किक टिकून होती.

मर्यादा पूर्ण उठवली तर बॅकस्ट्रोक, बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइल यांतला फरक पुसट होईल आणि या शर्यती बऱ्याच अंशी श्वास रोखण्याच्या होतील. किक पूर्ण बंद केली तर जलतरणातला सर्वांत जलद आणि देखणा भागच हरवेल. पंधरा मीटरची रेषा दोन्ही टोके टाळते. पाण्याखालच्या कौशल्याला ती पुरेपूर जागा देते आणि उरलेल्या ३५ मीटरांत प्रत्येक प्रकाराचा कस लावते. जलतरणाच्या नियमपुस्तकात इतका समतोल नियम दुसरा नाही. पोहण्याच्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांबाबत मात्र महासंघाला असे भान फार उशिरा आले; ती हकिकत पुढील भागात.